तळहातावरची चिमूट

"मीठ बघ गो चेडवा."

मी नोकरीवर रुजू होऊन अर्धा तासही झाला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डबे मोजत होते, तेवढ्यात ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईने मला असं फर्मावलं. ओळख नाही, पाळख नाही, थेट चेडवा, म्हणजे पोरी. मी पुण्याहून हॉटेलचा डिप्लोमा करून आलेली, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेली, आणि हिला मी चेडू दिसत होते.

"तुम्हीच बघा की काकी. तुमच्या हातचं मला काय कळणार?"

तिने पदर जरा बाजूला केला. गळ्यात तुळशीची माळ होती.

"माका चालता तर तुका कशाक हाक मारू? हात फुडे कर."

मी हात पुढे केला. तिने तळहाताच्या मधोमध एक चिमूट ठेवली. भाजून चुरलेली सुकट, ओलं खोबरं, कच्चा कांदा, लाल तिखट आणि कोकमाचा आंबटपणा. किसमूर. लहानपणी कणकवलीला आमच्या घरी व्हायची, पुण्यात गेल्यावर मी तिचं नावही घेतलं नव्हतं. वास कपड्यांना लागतो म्हणून.

"कसां असा?"

"मीठ थोडं कमी."

तिने बोटांच्या टोकांनी मीठ भुरभुरलं, पुन्हा कालवलं, पुन्हा चिमूट.

"आता?"

"बरोबर."

"व्हय, बरोबरच असा," ती म्हणाली. "घश्यान सांगल्यान. मी तोंड बघणंय नाय कोणाचां, घसो बघतंय. तोंड खोटां बोलता."

ही शेवंतीकाकी. शेवंती गिरकर, वय अठ्ठावन्न. देवगडच्या पुढे खाडीच्या काठावर जहाजावरच्या नोकरीसाठी पोरांना तयार करणारी एक संस्था होती, तिथल्या खानावळीची ती स्वयंपाकीण, आणि मी तीन महिन्यांच्या बोलीवर तिथला हिशेब बघायला आलेली. माळकरीण बाई आणि तीस पोरांना मासळी रांधून घालते. मला हसू आलं, आणि तिला ते दिसलं.

"हस, हस. माका माळ देणारो बुवा पण म्हणता, माळ घालून मासे रांधू नको. मी म्हटलंय, बुवा, मी पोटासाठी रांधतंय, जिभेसाठी नाय."

तीसेक वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला काविळीने धरलं होतं. आज-उद्याची गोष्ट झाली तेव्हा ती देवाला बोलली, हा उठला तर मी माळ घालून मासा सोडीन. नवरा उठला. "आणि फुडची वीस वर्सां माझ्यासमोर बसान बांगडे खाल्ल्यान," ती म्हणाली. "एक दिवस म्हणूक नाय, की शेवंती, तुका कसां वाटता. देवान माझां आयकल्यान, पण माझां तोंड बंद केल्यान."

"आठवण येते का माशांची?"

"माशांची नाय. किसमुरीची येता," ती म्हणाली आणि वळून तवा घासायला लागली. नवरा जाऊनही तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती, पण माळ होती तशीच होती. बोलले ते बोलले, असं तिचं म्हणणं.

त्या दिवसापासून मी तिची जीभ झाले. माझ्याआधी भांडीवाली बघायची, पण तिला सगळंच कमी तिखट लागायचं. रोज साडेदहाच्या सुमाराला काकी हाक मारायची, मी वही खाली ठेवून जायची, तळहात पुढे करायची. कमी, बरोबर, जास्त, या तीन शब्दांपलीकडे तिला माझ्याकडून काही नको असायचं. मी म्हणेन ते ती मुकाट करायची. मला आईने कधी विळी हातात दिली नव्हती, बोट कापशील म्हणून, आणि ही बाई माझ्या एका शब्दावर तीस माणसांचं कालवण सोपवायची.

शनिवारी पोरांची खाडीत होडीची कवायत असे. परत यायची ती हिरवीपिवळी होऊन. निम्म्यांनी आयुष्यात समुद्र पहिल्यांदा बघितलेला. त्यांना काकी नाचणीची पेज आणि किसमूर द्यायची. परभणीचा सुधाकर म्हणून एक पोरगा होता, तो पहिल्या शनिवारी नाकाला रुमाल लावून अंगणात बसला. दुसऱ्या महिन्यात तोच सगळ्यांच्या आधी वाटी घेऊन दारात उभा. "काकू, पोटात काही थांबत नाही, हेच थांबतं," असं म्हणायचा. कुठे परभणी आणि कुठे सुकट. जीभ कुठे रुळेल याचा नेम नाही.

पण आमचे प्राचार्य कॅप्टन आजगावकर वेगळ्या विचाराचे होते. जन्म जहाजावर घालवलेला माणूस. त्यांनी एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावर एक चपटा डबा ठेवला. ट्यूना.

"जहाजावर यांना पेज कोण देणार आहे? तिथे पाव आणि हे. घरची आठवण आली तरी हेच आणि ताप आला तरी हेच. यांची जीभ आत्ताच वळवायला हवी. तुम्हाला ट्यूना सॅलड येतं?"

"येतं सर. कोर्समध्ये होतं."

"मग येत्या शनिवारी करा. विश्वस्त जेवायला येतायत. शेवंतीबाईंची ती किसमूरही असू दे. पोरं ज्याच्यासाठी दुसऱ्यांदा उठतील, ते पुढच्या वर्षी चालू राहील."

मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वैजयंती, स्पष्टच सांगतो. थंड जेवण सुरू झालं की चुलीपाशी माणूस लागत नाही. एक तुमच्यासारखी शिकलेली मुलगी आणि वर एक भांडीवाली, पुरे. बाईंचंही वय झालं. तुमचे तीन महिने या शनिवारी संपतात ना? त्यानंतर मेसप्रमुख म्हणून कायम करता येईल. उलटं झालं तर मात्र दोघींना ठेवणं मला जमणार नाही."

इतकं सरळ कुणी बोलल्यावर मला नंतर काही कळलंच नव्हतं असं म्हणायची सोय राहिली नाही. काकी खानावळीच्या मागच्या खोलीत राहायची. नोकरी गेली की खोली जाणार, आणि मग आचऱ्याला भावाची पडवी. "भावजय पाणीसुद्धा मोजून देता," असं तिनेच मला सांगितलं होतं. आणि माझं म्हणाल तर माझे वडील एसटीत ड्रायव्हर. पुण्याला शिकायला पाठवलं म्हणून काकांची बोलणी खाल्लेले. नोकरी गेली असती तर कुडाळचं एक स्थळ तयारच होतं, दिवाळीनंतरचा मुहूर्तही बघून ठेवला होता. मला कुडाळला जायचं नव्हतं. मला माझ्या नावाची पाटी हवी होती, मग ती खानावळीच्या दारावर का असेना.

गुरुवारी मी ट्यूना सॅलडचा नमुना करायला घेतला. डब्यातला मासा निथळला, मेयोनीज घातलं, कांदा, मिरपूड, सेलरी मिळाली नाही म्हणून कोबी. काकी बाजूला येऊन उभी राहिली.

"ह्या काय गो?"

"ट्यूना. डब्यातला मासा."

तिने वाकून वास घेतला. "अगो, हो तर कुपो. आमच्यात कुप्याक मान नाय, जाळ्यात इलो तर लोक तोंड वाकडां करीत. ह्या बिचाऱ्याक मरान किती वर्सां झाली?"

मी हसले. चाखून बघितलं तर पचपचीत आणि गुळमट. पुण्यात सरांनी केलेलं चांगलं लागलं होतं, माझं लागत नव्हतं. पोरांना हे वाढलं असतं तर ती जहाजाचाच नाद सोडून घरी गेली असती. मी भांडं सरकवलं आणि रडवेली होऊन स्टुलावर बसले. काकीने भांडं आपल्याकडे ओढलं. पुन्हा वास घेतला, चमच्याने थोडं उचलून खाली सोडलं, कसं पडतं ते बघितलं.

"ह्याका आंबट नाय. ता पांढरा घातलंस ता नुसता तेल असा. आगळ घाल, दोन चमचे. आणि कांदो मिठात चुरून पिळून घे, मगे पाणी सुटणा नाय. हिरवी मिरची घाल बारीक, ह्या काळ्या मिरीन काय होणा नाय."

"काकी, कोकमाचं आगळ ट्यूनात?"

"मासोच मा तो? खयचो पण असांदे. माशाक आंबट लागता."

मी घातलं. पिळलेला कांदा, मिरची, दोन चमचे आगळ. रंग जरा गुलाबी झाला. चाखलं आणि लगेच दुसरा चमचा घेतला. इतकं चांगलं सॅलड मी आजवर कुठे खाल्लं नाही, अगदी मोठ्या हॉटेलातही नाही.

"कसां असा?" तिने विचारलं. तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघत.

"छान झालंय."

"मगे रडतंस कशाक?"

शनिवारी जिंकलं काय आणि हरलं काय, त्याचा अर्थ काय होतो हे मी तिला सांगितलं नाही. कॅप्टन सांगतील, असं मी स्वतःला म्हटलं. तिला एवढंच माहीत होतं की मोठी माणसं जेवायला येणार आहेत आणि दोन पदार्थ आहेत. तिला ते दोन्ही आपलेच वाटत होते.

शनिवारी सकाळी बाजारातून सुकट मीच आणली. नेहमीची म्हातारी लेकीकडे मुंबईला गेलेली, म्हणून शेजारच्या बाईकडून घेतली. काकीने पिशवी उघडून नाकाशी नेली आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"वास वेगळो येता. खारवलेली नाय मा?"

"नाही हो. सुकटीला कोण मीठ लावतं?"

इथवर मी निर्दोष होते. मला खरंच माहीत नव्हतं. त्या आठवड्यात आभाळ आलेलं, ऊन कमी, म्हणून त्या बाईने मीठ मारून वाळवली असणार. काकीला चाखता आलं असतं तर एका दाण्यात कळलं असतं. तिने भाजली, डोकी-शेपट्या काढल्या, हातावर चुरली, नेहमीच्या मुठीने मीठ घातलं आणि हाक मारली.

"मीठ बघ गो."

मी तळहात पुढे केला. चिमूट तोंडात टाकली. खारट. नुसतं जास्त नाही, जिभेला झोंबणारं खारट.

हे काही मी ठरवून केलं नव्हतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. ठरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी ती चिमूट चावत होते. समोर फळीवर तीन नारळ ठेवलेले होते. दोन फोडून खवले असते, कांदा वाढवला असता, तर अर्ध्या तासात सगळं निभावलं असतं. जेवायला अजून दीड तास होता. मला फक्त "जास्त" म्हणायचं होतं. एवढाच एक शब्द. रोज म्हणत होते, फुकट म्हणत होते.

"कसां असा?"

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि गिळलं.

तिने माझ्याकडे बघितलं. क्षणभर जास्तच बघितलं असं मला वाटलं. मग म्हणाली, "बरां," आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

जेवायला विश्वस्तांपैकी दोघं आले होते. कॅप्टन मधे, पोरं दोन रांगांत. कवायतीहून आलेली, चेहरे उतरलेले. काकी नेहमीप्रमाणे दारात उभी राहिली, पदराला हात पुसत. पोरांनी सवयीने आधी किसमुरीलाच हात घातला. सुधाकरने मोठा घास घेतला आणि हात तसाच थांबला. त्याने दाराकडे बघितलं, काकीकडे, आणि घास गिळला. पाणी प्यायला. दुसरा घास घेतला, तोही गिळला. तिसरा मात्र त्याला घेता आला नाही. विश्वस्तांपैकी एकाला ठसका लागला. कॅप्टनांनी ताटाच्या कडेला घास काढून ठेवला.

"बाई, आज हात घसरला वाटतं तुमचा."

काकीला काहीच कळेना. "काय झाला?"

"मीठ. खाता येत नाही."

ती माझ्याकडे वळली. सगळ्यांसमोर, हळूच, मला अडचणीत आणायचं नाही अशा आवाजात तिने विचारलं, "तू बघलंस मा गो?"

आणि मी म्हटलं, "मला तर बरोबरच लागलं होतं."

ती कॅप्टनांकडे वळली. "माझोच हात घसरलो असतलो," असं म्हणाली आणि आत गेली. पोरं ट्यूनाकडे वळली. उपाशी होती, पाव ताजा होता, आणि सॅलड चांगलं होतं, त्याला कोण काय करणार. काही दुसऱ्यांदा उठली, काही तिसऱ्यांदा. "हे काय घातलंय आंबट?" असं एका विश्वस्ताने विचारलं. "माझी स्वतःची पद्धत आहे," मी म्हणाले. म्हणाले, हो. तेही म्हणाले.

पंगत उठल्यावर मी भांडी बघायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. काकी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. किसमुरीचं पातेलं समोर, अर्ध्याहून जास्त भरलेलं. मी दारातच थबकले.

तिने दोन्ही हात मानेमागे नेले आणि माळ काढली. तीस वर्षं न काढलेली माळ. केसांत अडकली ती हळूच सोडवली. कपाळाला लावली. फळीवर नारळांच्या शेजारी ठेवली. मग पातेल्यातून एक चिमूट घेतली, आपल्याच डाव्या तळहातावर ठेवली, आणि तोंडात टाकली.

मला धावत जाऊन तिचा हात धरता आला असता. तोंडाने नुसतं "काकी, नको, मी खोटं बोलले" म्हटलं असतं तरी ती थांबली असती. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. ती चावत होती, डोळे मिटून, सावकाश. गिळल्यावरही थोडा वेळ तशीच राहिली. मग वळली. मी आहे हे तिला माहीत होतं.

"खारट," ती म्हणाली.

मी खाली बघितलं.

"मीठ सोडलां तर बरी झाली होती," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते रागाचं होतं, माळेचं होतं की तीस वर्षांनी जिभेवर आलेल्या किसमुरीचं होतं, मला आजही सांगता येणार नाही. तिने पातेलं उचललं, मागच्या दाराने जाऊन सगळं माडाच्या बुंध्याशी ओतलं, आणि पातेलं घासायला बसली.

महिनाअखेरीला ती आचऱ्याला गेली. जाताना मला स्वयंपाकघराच्या किल्ल्या दिल्या, कुठल्या डब्यात काय ते सांगितलं. गळा रिकामा होता. माळ पुन्हा घालायची तर बुवाकडे जाऊन सगळं सांगावं लागलं असतं, कशी काढली, का काढली. ती गेली नाही. माझं नाव घ्यावं लागलं असतं म्हणून गेली नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि मी तो विचार झटकून टाकला.

मला पाटी मिळाली. दीड वर्ष ट्यूना चाललं, मग पोरं कंटाळली, मग कॅप्टन निवृत्त झाले, डबे भांडारात गंजले. नव्या प्राचार्यांनी विचारलं, इथे पूर्वी शनिवारी काहीतरी छान मिळायचं म्हणतात, ते कोण करायचं? मी म्हटलं, एक बाई होती. नंतर मी ती नोकरी सोडली, पुण्याला आले, लग्न माझ्या मनाने केलं. आता एका कंपनीची कँटीन बघते. तिथल्या पोरांना किसमूर माहीत आहे, 'ड्राय श्रिम्प सॅलड' म्हणून, काचेच्या छोट्या वाटीत. वासाबद्दल कुणी तक्रार करत नाही, उलट फोटो काढतात.

माझ्या मुलीला, मुक्ताला, नऊ वर्षं पूर्ण झाली. गेल्या वर्षी तिला ताप आला, तीन दिवस पोटात काही ठरेना. खिचडी नको, वरणभात नको. चौथ्या दिवशी म्हणाली, "आई, तुझं ते गुलाबी ट्यूना दे ना. तेच फक्त थांबतं पोटात."

मी डबा फोडला. कांदा मिठात चुरून पिळला. आगळाची बाटली हातात घेतली आणि माझ्याने ती उघडवेना. स्वयंपाकघरात उभी राहून रडले. नवरा आला, म्हणाला, "अगं, ताप उतरतोय तिचा, घाबरतेस काय?" त्याला काय सांगणार होते? तेच फक्त थांबतं, असं म्हणणारा परभणीचा एक पोरगा मला आठवला, आणि त्याने ती खारट किसमूर कुणासाठी गिळली होती तेही आठवलं. त्याने दोन घास गिळले होते. मी एक शब्द बोलले नव्हते.

मुक्ता बरी झाली तशी मी आचऱ्याची एसटी धरली.

काकी पडवीतच होती. पंचाहत्तरीला आलेली, वाळून काटकी झालेली, पण नजर तीच. भावजय वारली होती, भाऊ अंथरुणाला, आता घर तीच चालवत होती. तिने मला ओळखायला वेळ लावला नाही.

"इलंस? बस. जेवान जा."

मी बसले. येताना एसटीत वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विसरले. "काकी, त्या दिवशी मला खारट लागलं होतं," एवढंच म्हटलं.

ती सुकट निवडत होती. हात थांबला नाही.

"माका म्हायत असा."

"कधीपासून?"

"तेव्हाच. घसो अडाकलो होतो तुझो." तिने एक काडी वेचून बाजूला टाकली. "पण मी म्हटलंय, चेडू कशाक खोटां बोलात?"

सोळा वर्षं मी समजत होते की मी तिला फसवलं. ती फसलीच नव्हती. तिने डोळ्यांनी बघितलं होतं आणि तरी माझ्या शब्दावर झाकण ठेवलं होतं. मला तोंडावर पदर घेऊन रडायला आलं, आणि मी रडले. ती मला गप्प हो म्हणाली नाही, जवळही आली नाही. उठली आणि चुलीकडे गेली.

मी डोळे पुसून मागोमाग गेले. तिने सुकट भाजली, हातावर चुरली, खोबरं घातलं, कांदा घातला, कोकमाच्या सोलांचं पाणी घातलं. वय झालं तरी अंदाज तोच. मुठीने मीठ घेतलं, निम्मं परत डब्यात टाकलं, कालवलं. तिच्या गळ्यात काही नव्हतं.

"तुम्ही आता खाता?" मी विचारलं.

"खातंय. तुटली ती तुटली. आता कशाक जिभेक उपाशी ठेवू?" ती जराशी हसली. "बरी लागता गो. तीस वर्सां फुकट घालवलंय."

तिने पातेल्यातून चिमूट उचलली. मला कळायच्या आत माझा डावा हात पुढे गेला होता, तळवा वर करून, साडेदहाच्या हाकेला जायचा तसा.

तिने हाताकडे बघितलं. मग ती चिमूट आपल्या तोंडात टाकली, सावकाश चावली आणि गिळली.

"बरोबर असा," ती म्हणाली आणि पान वाढायला वळली. माझा हात बराच वेळ तसाच राहिला.